थीम पार्कची पाच महिन्यांची इंटर्नशिप: कंपनीची खोली घ्यावी की मैत्रिणींबरोबर फ्लॅट?

प्रश्न थोडक्यात असा. विद्यार्थिनी मूळची नाशिकची, अमेरिकेत मिडवेस्टमधल्या विद्यापीठात हॉस्पिटॅलिटी शिकतेय, व्हिसा एफ-1 (विद्यार्थ्यांचा). ओरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मध्य-ऑगस्ट ते मध्य-जानेवारी अशी पगारी इंटर्नशिप मिळालीय, तासाला 18 डॉलर. कंपनीचं हाउसिंग घेता येतं पण सक्ती नाही. घेतलं तर आठवड्याला साधारण 220 डॉलर पगारातूनच कापले जाणार. बरोबरच्या दोन मैत्रिणींचं म्हणणं, तिघींत टू-बेडरूम घेऊ, बरंच स्वस्त पडेल. तिघींपैकी एकीकडेच गाडी आहे. काय करावं?

मैत्रिणींचं गणित चुकलेलं नाही, पण ते अर्धंच मांडलंय. विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या करारांचं काम करताना हेच सारखं दिसतं: सगळे महिन्याच्या भाड्याची तुलना करतात आणि पैसे जातात भलतीकडेच. इतक्या छोट्या इंटर्नशिपमध्ये दोनच गोष्टी निकाल लावतात. करार किती महिन्यांचा आहे, आणि रात्री साडेबाराला शिफ्ट सुटल्यावर तुम्ही घरी कशा पोचणार.

आधी आकडे मांडू. ओरलँडोच्या नैर्ऋत्येला, पार्कपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, बऱ्या वस्तीतला टू-बेडरूम 1,900 डॉलर धरा. वीज 150 (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एसी बंद करायची सोयच नाही), पाणी-कचरा 90, इंटरनेट 60. एकूण 2,200, म्हणजे डोई 733 आणि आठवड्याला साधारण 169. कंपनीच्या 220 पेक्षा 51 डॉलर कमी. बावीस आठवड्यांत 1,122 डॉलर वाचले. इथवर मैत्रिणी बरोबर आहेत.

आता दुसरी बाजू. मोठ्या अपार्टमेंट संकुलांत पाच महिन्यांचा करार सहजी मिळत नाही. बारा महिन्यांचा भाव सगळ्यात कमी, सात महिन्यांचा त्याहून जास्त, आणि त्याखाली बहुतेक जण उतरतच नाहीत. सात महिन्यांचा करार केलात तर जानेवारीत तुम्ही कॉलेजात परत गेल्यावरही दोन महिन्यांचं भाडं डोक्यावर राहतं: 733 गुणिले दोन, 1,466 डॉलर. वाचलेले 1,122 यातच संपले. त्यावर अर्ज शुल्क प्रत्येकीचं वेगळं (50 ते 100 डॉलर, परत मिळत नाही), वर अॅडमिन फी, आणि रिकाम्या घरात गादी, भांडी, शॉवरचा पडदा, दिव्याची सोय. होय, दिवा. अनेक अपार्टमेंटच्या बेडरूममध्ये छताला दिवाच नसतो. प्रत्येकी दोन-अडीचशे डॉलर तिथे जातात आणि जाताना ते सामान कोणी विकत घेत नाही.

करार मध्येच मोडला तर? फ्लोरिडाच्या कायद्यात घरमालक करारासोबत एक वेगळं पुरवणीपत्र देऊ शकतो. त्यावर तुम्ही सही केली तर लवकर निघण्याची किंमत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं इतकी बांधली जाते, आणि निघण्याआधी 60 दिवसांपर्यंतची नोटीस मागता येते. म्हणजे तो रस्ताही दोन महिन्यांवरच येऊन थांबतो. ते पुरवणीपत्र नसेल तर हिशोब आणखी अनिश्चित. करारात तीन नावं असली की जबाबदारी बहुधा संयुक्त असते, हेही वाचून घ्या: एक मैत्रीण ऑक्टोबरमध्ये इंटर्नशिप सोडून गेली तर तिचा हिस्सा उरलेल्या दोघींना भरावा लागतो. आणि सोडून जाणारे असतातच, दरवर्षी.

आता कंपनीच्या हाउसिंगकडे वळू. डिस्नेने कॉलेज प्रोग्रॅमसाठी (म्हणजे विद्यार्थ्यांच्या याच इंटर्नशिपसाठी) बांधून घेतलेलं फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज व्हिलेज 2021 मध्ये सुरू झालं. त्याआधीची व्हिस्टा वे, चॅथम स्क्वेअर वगैरे संकुलं आता प्रोग्रॅमसाठी वापरात नाहीत. जुन्या व्हिडिओंत त्यांच्याबद्दल ऐकलेलं सगळं बाजूला ठेवा. नवीन संकुल डिस्नेच्या पश्चिम टोकाला, 429 हायवेलगत आहे आणि सुमारे दहा हजार खाटांचं आहे. फर्निचर, वीज, पाणी, इंटरनेट भाड्यात, आणि पार्कमध्ये जायला बस. टार्गेटचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. भाडं खोली एकटीची की दोघींत, यावर बदलतं. वाटाघाटीला जागा नाही.

यातही खाचखळगे आहेत. पहिला: भाडं दर आठवड्याला तेवढंच, तास मात्र बदलते. पस्तीस तासांच्या आठवड्यात 630 डॉलर हातात येतील असं समजू नका. एफ-1 विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (आरोग्यविमा) या सरकारी योजनांचे मिळून 7.65 टक्के लागत नाहीत, आणि फ्लोरिडात राज्याचा आयकरही नाही; उरतो केंद्राचा कर. तो सावधपणे 10 टक्के धरा: 567. त्यातून 220 गेले की 347. हे ठीक आहे. पण सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, आणि 22 तासांचा आठवडाही लागू शकतो. तेव्हा 396 मधून कर गेल्यावर 356, आणि भाडं कापून 136 डॉलर. पहिल्या महिन्यासाठी पगाराव्यतिरिक्त सात-आठशे डॉलर खात्यात असू द्या. पहिल्या पगारपत्रकावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलेलं दिसलं तर लगेच पेरोलला कळवा. नंतर परत मिळवता येतं, पण फार वेळ जातो.

दुसरा खाचखळगा जास्त गंभीर: अशी खोली नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की खोली गेली, आणि निघायला मिळणारी मुदत महिन्यांत नाही, दिवसांत मोजतात. तुम्ही स्वतःहून सोडलं तरी तेच. पाहुणे किती वाजेपर्यंत, मद्याचे नियम, खोली तपासणी या सगळ्यावर नोकरीही अवलंबून असते; स्वतःच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याने तक्रार केली तर घरमालकाची चिठ्ठी येते, इथे थेट इंटर्नशिप धोक्यात येऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून ओरलँडोत एखादा पत्ता माहीत असू द्या, जिथे तीन-चार रात्री काढता येतील. ओळखीचं कुटुंब असो वा परवडणारं मोटेल.

आता जाण्यायेण्याचं. डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क रात्री दहा-अकराला बंद होतं, म्हणजे खाद्यविभाग किंवा सफाईची शेवटची शिफ्ट बारा-एकपर्यंत जाते. सकाळची शिफ्ट पाच-सहाला लागते. ओरलँडोची सार्वजनिक बस म्हणजे लिंक्स: एका वेळचे 2 डॉलर, महिन्याचा पास 50. डाउनटाउनकडून 50 नंबर आणि किसिमीकडून 56 नंबर डिस्नेकडे येतात, दिवसा ठीक चालतात. पण नकाशावर बसचा रंगीत पट्टा दिसतो म्हणून मध्यरात्री बस मिळेल असं नाही. वेळापत्रकात शेवटची गाडी किती वाजता आणि रविवारी काय, हे दोनच रकाने बघा. सनरेल नावाची लोकल आहे, ती शनिवार-रविवारी धावत नाही आणि डिस्नेपर्यंत जातही नाही. पार्कचं काम मुख्यतः शनिवार-रविवारचं, तेव्हा ती विसरा.

तिघींत एक गाडी यावरही भिस्त ठेवू नका. तिघींच्या शिफ्ट वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या वेळी लागणार. एक एप्कॉट या पार्कमध्ये सकाळी सहाला, दुसरी हॉटेलच्या रिसेप्शनवर दुपारी तीनला. आठवड्यातून तीन वेळा जरी उबरने परत यावं लागलं आणि एका फेरीचे 20 डॉलर धरले, तरी 60 झाले. ते 51 डॉलर कुठे राहिले? गाडीवालीलाही सांगा, तिच्या विम्यात बाकी दोघी चालक म्हणून नोंदवलेल्या नसतील तर चावी देऊ नये. टोलचंही आहे: 429, 417, 528 हे सगळे टोलरस्ते. ई-पासचं स्टिकर आधी लावून घ्या, नाहीतर प्लेटचा फोटो काढून जास्त दराने बिल येतं.

तुमच्या परिस्थितीत मी कंपनीचं हाउसिंगच घ्या म्हणेन. पाच महिने, क्रेडिट हिस्टरी नाही, गाडी नाही; तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. पण उत्तर उलटंही होऊ शकतं. इंटर्नशिप वाढून अकरा-बारा महिन्यांची होणार असेल, स्वतःची गाडी असेल, किंवा खोलीत दुसरं कोणी चालत नसेल, तर बाहेरचं घर स्वस्त आणि सुखाचं. किंवा त्या मैत्रिणींपैकी एखादी ओरलँडोतच शिकत असेल आणि तिचा करार आधीच चालू असेल, तर तिच्याकडे हिस्सा देऊन राहणं सगळ्यांत उत्तम. फक्त घरमालकाची लेखी परवानगी घेऊन तुमचं नाव रहिवासी म्हणून चढवा.

बाहेरच बघायचं ठरलं तर तीन प्रकारच्या जागा समोर येतील. विद्यापीठाजवळची विद्यार्थी-अपार्टमेंट्स जाहिरातीत छान दिसतात, कारण तिथे खाटेप्रमाणे वेगळा करार होतो, म्हणजे मैत्रीण पळाली तरी तुमच्यावर येत नाही. पण युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा शहराच्या ईशान्येला आहे आणि डिस्ने नैर्ऋत्येला. जाऊन-येऊन साठ-सत्तर मैल. शिवाय ते करार जुलैअखेर संपतात आणि नवे ऑगस्टमध्ये सुरू होतात. उन्हाळी इंटर्नशिप करणारे स्वस्त सबलेट (दुसऱ्या भाडेकरूने पोटभाड्याने दिलेली जागा) बघून खूश होतात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बॅगा घेऊन रस्त्यावर येतात, कारण त्यांचं काम मध्य-ऑगस्टपर्यंत चालू असतं. उन्हाळी उमेदवारांनी सबलेटची शेवटची तारीख कामाच्या शेवटच्या तारखेशी ताडून बघावी, बाकी सगळं नंतर.

दुसरा प्रकार, कुणाच्या घरातली एक खोली. न्यू जर्सीत आपल्याकडची मुलं बेसमेंटमध्ये राहतात तसा पर्याय इथे शोधू नका, फ्लोरिडात जमिनीखालचं पाणी इतकं वर आहे की बेसमेंट जवळजवळ बांधतच नाहीत. खोली मिळते ती मुख्य घरातच, स्वयंपाकघर सामायिक. विंटर गार्डन, क्लरमॉंट, डेव्हनपोर्ट, किसिमी या बाजूंना अशा खोल्या असतात. फायदा हा की करार महिन्या-महिन्याचा होऊ शकतो. 2023 पासून फ्लोरिडात त्यासाठी 30 दिवसांची नोटीस लागते, दोन्ही बाजूंना. पाच महिन्यांच्या कामाला हाच सगळ्यात योग्य मापाचा करार. मराठी मंडळाच्या ओळखीतून मिळाली तर उत्तम, तरीही भाडं, नोटीस आणि डिपॉझिट एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. "अगं, आपल्यात कशाला कागद" असं काका म्हणाले तर तुम्हीच कागद काढा. एफ-1 वर पत्ता बदलला की 10 दिवसांत कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवावं लागतं, आणि तो पत्ता खरा, पत्र पोचेल असा हवा.

तिसरा, सुट्टीसाठी भाड्याने देतात ती घरं आणि 192 नंबरच्या रस्त्यावरची आठवड्याच्या भावाची मोटेलं. इथे एक कर लपलेला असतो. फ्लोरिडात सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर विक्रीकर आणि पर्यटन कर लागतो: ओरलँडोच्या ऑरेंज काउंटीत मिळून 12.5 टक्के, शेजारच्या ऑसिओला काउंटीत 13.5. हजाराच्या खोलीवर महिना 125 ते 135 डॉलर. सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा लेखी करार असेल तर हा कर नाही. फारसं कोणी सांगत नाही असं म्हणजे, पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कायद्यात यातून सूट आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचं पत्र आणून मालकाला आधीच द्या. इंटर्नशिपच्या सत्रात तुमची नोंदणी पूर्णवेळ धरली जाते का, हे मात्र विद्यापीठ ठरवतं.

फसवणुकीबद्दल एकच पण नेमकी गोष्ट. फेसबुकवर घर दिसलं, मालक परदेशात आहे म्हणतो, चावी कुरिअरने येईल, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) डिपॉझिट पाठवा. असं काही आलं की ऑरेंज काउंटी प्रॉपर्टी अप्रेझरच्या संकेतस्थळावर पत्ता टाका. घर कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं; ऑसिओलाचंही तसंच आहे. नाव जुळत नसेल तर मालकाशी व्यवस्थापन करार असल्याचा कागद मागा. झेलने गेलेले पैसे परत येत नाहीत असंच धरून चाला.

क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून मालक जास्त डिपॉझिट मागेल. फ्लोरिडात डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा नाही, त्यामुळे दोन महिन्यांचं मागितलं तरी ते बेकायदा नसतं. ऑफर लेटर, आय-20 (एफ-1 साठी विद्यापीठ देतं तो कागद) आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट एकत्र ठेवलं तर बऱ्याचदा एका महिन्यावर येतं. डिपॉझिटऐवजी "महिन्याची फी" असा पर्याय देतात तो स्वस्त वाटतो, पण ती फी परत मिळत नाही आणि नुकसानभरपाई वेगळी मागतात.

डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक स्वयंपाकघरामुळे, म्हणून जरा सविस्तर. इथल्या शेगड्या बहुधा सपाट काचेच्या, विजेच्या. गोल बुडाची कढई त्यावर नीट तापत नाही आणि ओढली की काचेवर ओरखडा उठतो. सपाट बुडाचा पॅन आणि तसाच छोटा कुकर घ्या. वरचा हूड पुष्कळ ठिकाणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. म्हणून मिरची-मोहरीची फोडणी जोरात दिली की अलार्म वाजतो. अलार्मवर पिशवी बांधू नका, त्याला दंड आहे आणि कंपनीच्या हाउसिंगमध्ये शिस्तभंग. तेल मध्यम आचेवर तापवा, फोडणी घातली की लगेच झाकण, खिडकी आधीच उघडी. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावर पडले तर त्याच दिवशी बेकिंग सोड्याने काढा; महिनाभराने ते कायमचे होतात आणि ओटा बदलण्याचं बिल लावतात. राहायला आलात त्याच संध्याकाळी प्रत्येक खोलीचे, ओव्हनच्या आतले, गालिच्यावरच्या डागांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. तारीख आपोआप राहते.

रेंटर्स इन्शुरन्स महिन्याला 15-20 डॉलरला मिळतो, घ्या. वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे तुमच्या मुक्कामाचे पहिले साडेतीन महिने. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं, म्हणून तळमजला टाळा.

तुमच्यासारखेच जे-1 (एक्सचेंज) व्हिसावर भारतातून थेट येणारे हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात. त्यांनी पत्ता बदलला तर तोही 10 दिवसांत, पण स्पॉन्सरला (जे-1 कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेला) कळवायचा. आणि ओरलँडोबाहेरच्या पार्कला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. ओहायोच्या सँडस्कीमधलं सीडर पॉइंट सरोवरातल्या भूशिरावर आहे, गाव लहान, उन्हाळ्यात भाडी पर्यटकांच्या दराची. तिथे पार्कची वसतिगृहं सोडून बाहेर शोधण्यात वेळ घालवू नये. उलट ज्या पार्ककडे राहायची सोयच नाही, तिथे ऑफर स्वीकारण्याआधी रिलोकेशन भत्ता विचारा. नंतर विचारून काही मिळत नाही.

निघतानाचं राहिलं. बाहेर राहिलात तर नवा पत्ता मालकाला लेखी द्या. काही कापायचं नसेल तर त्याला 15 दिवसांत डिपॉझिट परत करावं लागतं. कापायचं असेल तर 30 दिवसांत कारण लेखी कळवावं लागतं, आणि ते मिळाल्यापासून हरकत घ्यायला तुमच्याकडे 15 दिवस असतात. ती मुदत गेली तर मालक ती रक्कम कापून घेऊ शकतो, आणि भांडायचं तर वेगळा दावा लावावा लागतो. तुम्ही जानेवारीच्या मध्यात निघणार आणि पगाराचा डब्ल्यू-2 कागद कंपन्या 31 जानेवारीपर्यंत पाठवतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यात पेरोलच्या पोर्टलवर पत्ता बदला. नाहीतर तो फ्लेमिंगो क्रॉसिंग्जच्या टपालखोलीत जाऊन पडेल, आणि एप्रिलमध्ये 1040-एनआर (अनिवासींचा आयकर फॉर्म) भरताना तो शोधत बसावं लागेल.